चोरीची माळ दिसली; मुदत कधीपासून मोजायची?

आर्वी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. 1986 साली वाड्यातली तिजोरी न फोडता, किल्लीनेच उघडून आजीची पुतळ्यांची माळ कुणीतरी नेली. गावाने दिवाणजींवर बोट ठेवलं, पोलिसांनी ‘अ’ समरी करून तपास मिटवला. पुढे काकूच्या माहेरच्या लग्नात तीच माळ तिच्या भाचेसुनेच्या गळ्यात दिसली.

अशा पत्रांत चोरीची हकिकत चार पानं असते आणि कामाची तारीख शेवटच्या ओळीत. लग्नाला दोन वर्षं आठ महिने झाले, एवढंच मला हवं होतं. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 68 प्रमाणे चोरीला गेलेली वस्तू परत मागण्याच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. ती चोरीपासून नव्हे, वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे हक्कदाराला प्रथम कळल्यापासून. म्हणजे तुमच्या हाती चार महिने आहेत. ते गेले की कलम 27 खाली माळेवरचा हक्कच संपतो. उशीर माफ करणारं कलम 5 दाव्याला लागत नाही. नात्यापायी गप्प बसलात, आता तरी हला.

आधी नोटीस नको. तिने मुदत थांबत नाही, माळ मात्र सराफाच्या मुशीत जाते. दावा प्रतिवादी राहतात तिथल्या कोर्टात लावा; माळ किंवा तिची आजची किंमत, दोन्ही मागा. सोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 खाली मनाईचा अर्ज द्या आणि नियम 7 प्रमाणे माळेची पाहणी मागा. आजी हयात नसतील तर सगळे वारस पक्षकार. जो सोबत येत नाही त्याला प्रतिवादी करा. माळ कुणाकडे आहे हे काकांना आधीच ठाऊक होतं असं निघालं तर मुदतीचा वाद उठेल. त्यावर कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही.

‘पुतळ्यांच्या माळा सगळ्या सारख्याच’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून आजीचा फोटो मोठा करून पुतळ्या मोजा, फाशाजवळची डाग देऊन सांधलेली कडी शोधा, फिर्यादीतल्या तोळ्यांशी वजन जुळवा. फिर्यादीच्या नकलेसाठी आजच अर्ज टाका. जुनं रेकॉर्ड मिळायला महिने जातात, कधी मिळतही नाही.

‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. नव्या धाग्यावर पुढील तपास मागता येतो. गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 380 (घरातली चोरी) खाली नोंदला असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, त्यामुळे कोर्टाने दखल घ्यायला मुदतीची आडकाठी नसावी. पण त्या भरवशावर दावा अडवू नका.

दिवाणजींचं म्हणाल, तर किल्ली जवळ असणं हा चोरीचा पुरावा नाही. 1907 मध्ये डब्लिन कॅसलमधून आयर्लंडचे राजरत्नालंकार गेले. तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आर्थर विकार्स यांचं पद गेलं, चोर आणि दागिने आजवर मिळाले नाहीत. तुमच्या दाव्यात चोराचं नावच घालू नका. माळ आज कुणाकडे आहे आणि तुम्हाला ते कोणत्या तारखेला कळलं, एवढंच लिहा. ती तारीख लग्नपत्रिकेवर असेल, तीही जोडा.