एक पावसाळा काढ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, वास्तुशांत झाली, दूध उतू घातलं, तरी घर आपलं वाटतच नाही. लॉजवर उतरल्यासारखं वाटतंय." आणि त्याच दमात इंटिरियरवाल्याचं कोटेशन वाचून दाखवलंस. हॉलला पीओपी, टीव्हीच्या भिंतीला पॅनेलिंग, दोन्ही खोल्यांत भिंतभर कपाटं, आणि त्यासाठी बँक टॉप-अप लोन द्यायला तयार आहे. फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

एक पावसाळा काढ. भिंतीला काही ठोकायच्या आधी, छताला काही टांगायच्या आधी, अख्खा एक पावसाळा त्या घरात राहा.

तू घर बघितलंस जानेवारीत. जानेवारीत कोल्हापुरातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. आधीच्या मालकानं विकताना रंगही नवा दिलाय, म्हणजे भिंतींचा जुना इतिहास झाकला गेलाय. तुझी पश्चिमेची भिंत उघडी, पलीकडचा प्लॉट मोकळा. आपल्याकडं पाऊस त्याच अंगानं येतो, वाऱ्याबरोबर आडवा. वळवानं काही कळत नाही. मृग 7-8 जूनला लागेल, तेव्हाही भिंत नुसती पाणी पीत राहते. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे दोन पाऊस अंगावर घेतले की मग ती बोलायला लागते. कुठं ओल चढते, कुठं लोणा म्हणजे भिंतीतला खार फुटतो, छज्जाच्या पोटातून पाणी आत कसं वळतं, ते तेव्हा दिसतं.

ओल दिसली की तिच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. उघडीप पडल्यावर डाग आकसला आणि पावसात पुन्हा रेघेबाहेर गेला, तर पाणी बाहेरून येतंय. भेग किंवा गच्चीचा कोबा बघायचा. ऊन असो की पाऊस, डाग तसाच राहिला, तर आतली पाइप गळतेय. दोन्हींचा इलाज वेगळा, खर्च वेगळा. आयुष्यभर बांधकामावर उभा राहिलेला माणूस सांगतोय, आतून वॉटरप्रूफ रंग मारून ओल थांबत नाही, ती शेजारच्या खोलीत निघते. आणि त्याच भिंतीला तू प्लायचं कपाट चिकटवणार? कोटेशनमध्ये प्लाय 'एमआर' लिहिलाय. तो दमट हवा थोडीफार सोसतो, ओली भिंत सोसत नाही. पाण्याला टिकणारा आयएस 710 चा, तो महाग. तोही लावलास तरी पाठीमागची ओल तुला दिसायची बंद होईल, एवढंच. पीओपीचं तर विचारूच नको. स्लॅब गळतो एकीकडं आणि डाग उमटतो दुसरीकडं.

पण हे नुसतं पाण्याचं नाही. पाण्याचं एखादा चांगला गवंडीही सांगेल.

उजेडाचं बघ. आपलं कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. जानेवारीत तुझ्या ज्या खिडकीला ऊन नव्हतं, तिच्यातून आता येत असेल. बघितलंस का? अंबाबाईचा किरणोत्सव तू लहानपणापासून बघतेस. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं मूर्तीच्या पायापासून वर चढत जातात. ज्यांनी ते देऊळ बांधलं, त्यांना सूर्य कुठल्या दिवशी कुठं मावळतो ते ठाऊक होतं. आणि आपण दोन महिन्यांत ठरवून टाकतो की टीव्ही इथं, सोफा तिथं, दिवे सोळा.

गणपती कुठं बसवणार आहेस? ठरवलंस? गौर कुठल्या दारानं आत येणार, ती कुठं उभी राहणार? नाही ठरवलंस, कारण अजून वेळ आली नाही. वेळ आली की घरातली सगळी एका भिंतीकडं बोट करतील, आणि तीच भिंत पॅनेलिंगनं भरलेली असेल. एक पावसाळा काढ म्हणतो ते यासाठी. बेंदराची मातीची बैलं कुठं ठेवली, ओले कपडे कुठं वाळले, लाइट गेल्यावर सगळी कुठल्या खोलीत येऊन बसली, हे घडून गेलं की मग सुताराला बोलाव.

माझा हॉल कितीतरी वर्षं मोकळा होता. पाहुणे म्हणायचे, दुसऱ्यांची घरं बांधतो आणि स्वतःच्या घरात बसायला सतरंजी! कंजूष म्हणाले. म्हणू देत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या वर गेली, जिथं 43 ला धोक्याची पातळी. चिखलीतलं माझ्या मेव्हणीचं सगळं कुटुंब, म्हाताऱ्या सासूसकट, आमच्याकडं आलं. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, उपसा केंद्रं बुडालेली, नळाला पाणी नाही. तेव्हा त्या मोकळ्या हॉलमध्ये ओळीनं अंथरुणं पडली. कोपऱ्याचा सोफा असता तर कुठं झोपली असती ती माणसं? 2021 ला पुन्हा आली, तेव्हा आपापली जागा धरून बसली, कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि आईचं सांगतो, कारण यावरून माझं भावाशी अजून पटत नाही. पेठेतलं जुनं घर वाटणीत विकलं गेलं. त्या घराला सोपा होता, म्हणजे पुढची बसा-उठायची पडवी. आईचं सगळं आयुष्य सोप्यात गेलं. नव्या घरात ती जागा शोधत फिरायची. भाऊ म्हणाला, पुढच्या दाराला कट्टा बांध, चार दिवसांचं काम. मी म्हणालो, पावसाळा जाऊ दे. पावसाळ्यात आई मागच्या दाराशी बसायला लागली. तिथं वाऱ्याची झड येत नव्हती आणि पलीकडच्या काकींशी कुंपणावरून बोलता येत होतं. दिवाळीत तिथंच कट्टा बांधायचा ठरला. ती नवरात्रात गेली.

भाऊ म्हणतो, तुझ्या हट्टापायी तिला कट्टा मिळाला नाही. मी आजही म्हणतो, त्याचं ऐकलं असतं तर कट्टा पुढच्या दाराला झाला असता, जिथं ती एक दिवससुद्धा बसली नाही. कट्टा मी मागं बांधला, तिच्या माघारी बांधला, आणि आज घरातली सगळी तिथंच बसतात. तिला तो बघायला मिळाला नाही याचं दुःख आहे आणि राहील. पण जागा तिनं दाखवली, आणि ती दाखवायला तिला पावसाळा लागला.

तू म्हणशील, हप्ते भरतेय, मग चांगल्या घरात राहू नको का? राहा की! ओटा नीट नसेल तर आजच कर, पंखे लाव, पडदे लाव, आईकडची फडताळातली भांडी घेऊन ये. अजून मे आहे, वर्षाची चटणी यंदा तुझ्या घरीच कर. मिरच्या गच्चीवर वाळत घाल, मसाला भाज, गल्ली खोकू दे, आणि शेजारच्या बायकांबरोबर डंकावर चटणी कांडायला जा. आठ दिवसांत तुला गल्लीतली निम्मी माणसं नावानं ओळखतील. मी थांबायला सांगतोय ते सुताराला आणि बँकेला. तुला नाही.

आणि थांबणं दिवाळीपर्यंतच. पावसाळा संपून भिंती सुकल्या की मग चालढकल करायची नाही. आधी बाहेरची भेग, मग गच्ची, मग रंग, सगळ्यात शेवटी लाकूडकाम. टॉप-अपच्या कागदावर आत्ता सही करू नको.

या रविवारी गच्चीवर जा आणि पाणी जायच्या पाइपांची तोंडं मोकळी कर. आधीच्या लोकांनी तिथं कुंड्या ठेवल्या होत्या, माती अडकलेली असणार. बादलीभर पाणी ओतून बघ, कुठं साठतं ते. मी जुलैत तरणा पाऊस लागला की येतो. तोवर ज्या भिंतीला रेघा मारशील, त्यांचे फोटो तारखेसकट पाठवत राहा.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका