बाबांच्या कुंड्या, पहिलं वर्ष
ताई, बाबा गेले म्हणून त्यांच्या कुंड्या घाईत कुणाला देऊन टाकू नकोस गं, सध्या नुसतं पाणी घालत राहा, तेवढं पुरे. मोगरा थंडीत मेल्यासारखाच दिसतो, पानं पिवळी पडून गळतात, काड्या उरतात, पण नखाने साल जरा खरवडून बघ, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. जानेवारीच्या शेवटी छाटणी कर, शेणखत घाल आणि मग भरपूर ऊन लागू दे, मार्च-एप्रिलमध्ये कळ्या धरतील. पहिला वास आला की रडू येणार, येऊ दे. वर्षभर सण करायचा की नाही ते तुझं तू ठरव, नातेवाईक काय, बोलणारच. पितृपक्ष मात्र जड जातो, पावसाने कुंड्यांत गवत माजलेलं असतं तेव्हा, रोज खुरपं घेऊन बसत जा.