हाताने विणलेली लेस घराघरांतून का गेली?

यंत्रं आली म्हणून हाताची लेस गेली ना, असं तुम्ही विचारलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं.

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरी आजीने क्रोशाने, म्हणजे आकड्याच्या सुईने, विणलेली पोलक्याची लेस अजून आहे. बोटभर रुंद, साखळी आणि खांब या टाक्यांची, कडेला बारीक कंगोरे. गेल्या वर्षी ती समोर ठेवून मी वीतभर विणली, त्यात अख्खी दुपार गेली. रविवार कारंजापाशी तशीच दिसणारी यंत्राची लेस मीटरवर मिळते. वीतभर तुकड्याला चहाइतकेही पैसे पडत नाहीत.

लेसला किंमत होती ती तिच्यात गेलेल्या तासांची. सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) ती बहरली, तेव्हा श्रीमंत पुरुषही गळ्याला, मनगटाला लेस मिरवत. परदेशी लेसवर जाणारा पैसा अडवायला फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली सरकारी आश्रयाने लेसचा धंदा उभा केला. पुढे राज्यक्रांतीत सरदार गेले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईकही गेलं. इंग्लंडात हीथकोटने जाळी विणणारं यंत्र काढलं. १८१६ साली लफबरोत त्याच्या कारखान्यातली यंत्रं लोकांनी फोडली, पण यंत्र काही थांबलं नाही.

क्रोशाची लेस त्या मानाने अलीकडची. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा कितीतरी घरं क्रोशावर तगली. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूरला ही कला मिशनऱ्यांनी रुजवली. तिथल्या बायकांवर समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं १९८२ सालचं पुस्तक आहे, ते मिळालं तर जरूर वाचा. माल परदेशी जायचा, बायका दिवसाचे कितीतरी तास विणायच्या, आणि ‘घरीच तर असतात, फावल्या वेळात करतात’ म्हणून हातावर नाममात्र मजुरी टेकवली जायची.

आजीच्या विणकामालाही घरात ‘रिकामपणचा उद्योग’च म्हणत. रुखवतात तिची तोरणं आणि ताटावरचे रुमाल मांडले की बायका हात लावून बघायच्या, नमुना मागून न्यायच्या. पैशाचं नाव कुणी काढलं नाही. आईला सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि क्रोशाची सुई कपाटात गेली. लेस गेल्याची मला हळहळ आहे. आईने नोकरी धरली याचा आनंद त्याहून मोठा आहे.

तुमच्या घरी जुना तुकडा असेल तर टाकू नका. उजेडात धरून एका फुलातले खांब मोजा, कागदावर मांडा. नमुना तसाच्या तसा उतरवता येतो.