चार जागांचे गणित

प्रश्न : मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील श्रीमंत संघांनाही राखीव खेळाडूंची भक्कम फळी उभारणे अवघड का जाते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुख्य अडचण पैशाची नसून जागेची आहे. हंगामाच्या बहुतांश काळात संघात 26 खेळाडू असतात आणि त्यांपैकी साधारणतः 13 पिचर (चेंडू फेकणारे) असतात. उरलेल्या 13 मधून नऊ जण फलंदाजीच्या क्रमात गेले, की हाताशी चारच राहतात. त्यांतला एक राखीव कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) असतो, आणि बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसल्यामुळे, पहिल्या कॅचरला दुखापत झाली तर काय, या भीतीने व्यवस्थापक त्याला सहसा राखूनच ठेवतो.

होतकरू तरुणाला बाकावर बसवण्यापेक्षा मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरील स्पर्धेत) रोज खेळवणे त्याच्या हिताचे असते. म्हणून मैदानावरील अनेक जागा सांभाळणारे आणि क्वचितच संधी मिळूनही तयार राहणारे अनुभवी खेळाडू शोधावे लागतात. माझ्या मते हे कौशल्य फार दुर्मीळ असून त्याची पुरेशी कदर होत नाही. उदाहरणार्थ, 2004 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत 0-3 असे मागे पडलेल्या बोस्टन रेड सॉक्सने चौथ्या सामन्याच्या नवव्या (नियमित शेवटच्या) डावात डेव्ह रॉबर्ट्सला केवळ धावण्यासाठी उतरवले. त्याने दुसरा बेस चोरला (फटक्याची वाट न पाहता धावून तो गाठला), बरोबरीची धाव केली आणि बोस्टनने ती मालिका 4-3 अशी जिंकली.