फोन ठेवू नकोस, घेऊन बाहेर पड

"ताई, इथे कशाचीच कमी नाही. नवरा समजूतदार आहे, घर छान आहे. मग मला सकाळी उठावंसंच का वाटत नाही?" मी पुण्यातून ऑनलाइन समुपदेशन करते. परदेशातून येणाऱ्या मेसेजमध्ये हे वाक्य थोड्याफार फरकाने असतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "सगळे म्हणतात, चालायला जा. नुसतं चालून डिप्रेशन जातं का?"

मृणालनेही हेच विचारलं होतं. (नाव आणि काही तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे.) माहेर सांगलीचं, पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी. लग्नानंतर न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली ती नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी बहुतेक वेळा नवऱ्याच्या ग्रीन कार्डातला आय-१४० हा टप्पा मंजूर व्हावा लागतो. इथे तर ते कागद अजून हललेलेही नव्हते.

एडिसनमध्ये आपलं माणूस एकटं पडतं हे इथे कुणाला सांगून पटत नाही. ओक ट्री रोड या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर सगळं मिळतं म्हणे. मिळतंच, पण तिथवर जायला गाडी लागते आणि मृणालला गाडी येत नव्हती. नवरा आठला निघाला की ती परत पांघरुणात. मग रील्स, मग जुन्या टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कुणाचं प्रमोशन, कुणाची पार्टी. साडेआठला आईला फोन, तोही पडूनच. आई विचारायची, "जेवलीस का?" आणि हिला रडू फुटायचं.

नवऱ्याचं मत ठाम होतं, हे सगळं फोनमुळे. त्याची काळजी खरी होती, पण फोन काढून घेतला असता तर तिची आई, माझं सेशन आणि दिवसभरात कानावर पडणारं मराठी, तिन्ही एकदम गेलं असतं. मी पहिली गोष्ट केली ती पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण; जितके जास्त, तितका त्रास जास्त. तिचे १४ आले, म्हणजे मध्यम. नववा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा असतो. तिथे शून्य होतं, तरी मी तो तोंडी पुन्हा विचारलाच. मी पुण्यात, ती तिथे. रात्री-अपरात्री मी धावून जाऊ शकत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं आणि ९८८ हा तिथला हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करायचा, या दोन अटींवरच मी काम सुरू केलं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. थायरॉइड ठीक होतं, बी-१२ कमी निघालं. डिप्रेशनच्या गोळ्यांचं त्यांनी तिच्याशी बोलून महिनाभर थांबायचं ठरवलं.

पुढची चूक माझी. फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप आहेच, तर रोज ६,००० पावलांचं लक्ष्य ठेवू, असं मी सुचवलं. तिसऱ्या सेशनला तिने स्क्रीन कॅमेऱ्यासमोर धरली: ८१२. शेजारी अपुरं राहिलेलं वर्तुळ. "ताई, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कामाला फेल म्हटलं. आता हे मला रोज रात्री फेल म्हणतं." स्वतःला नापास समजणाऱ्या बाईच्या हातात मी रोजचं प्रगतिपुस्तक दिलं होतं! गंमत म्हणजे ज्या १०,००० पावलांचा एवढा धाक असतो, तो आकडा १९६५च्या एका जपानी यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. डॉक्टरांनी बसून ठरवलेलं ते प्रमाण नव्हे.

आकडे बंद केले. नवा नियम एकच: आईचा फोन पायात बूट असतानाच. आमच्याकडे याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. उत्साह आला की करू, असं म्हणत बसायचं नाही. आधी करायचं, उत्साह मागून आला तर आला. पहिल्या दिवशी तिने जॅकेट चढवलं, बूट घातले, दारात बसली आणि बूट काढले. मी म्हटलं, लिहून ठेव, हे धरलं जाईल. दुसऱ्या दिवशी टपालपेटीपर्यंत जाऊन परत, सात मिनिटं. तिकडे सांगलीत आईही गच्चीवर फेऱ्या मारू लागली. "तू थांबलीस की मीही थांबणार," असा आईचा दम. चालून आल्यावर मृणाल मला एक व्हॉइस मेसेज टाकायची: आज काय दिसलं. मनःस्थितीबद्दल एक शब्द नाही. रूझवेल्ट पार्कच्या तळ्याकाठी बदकं (ती हंस म्हणते, मी वाद घालत नाही) फिस्कारत अंगावर आली, तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. मागे ते आवाज, मध्ये तिचं "अगं आई गं", आणि मग हसणं. ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. तिचे साडेआठ म्हणजे इथले सहा वाजायचे, ते सात झाले. आईची दिवाबत्तीची वेळ. आईने दिवा अर्धा तास आधी लावायला सुरुवात केली. पण पुढे बर्फ, निसरडे रस्ते. मग चालणं घराजवळच्या मेन्लो पार्क मॉलमध्ये हललं. जानेवारीत दहा दिवस तेही बंद पडलं. ११वर आलेले गुण १३ झाले. तेव्हा गोळीचा विषय मीच पुन्हा काढला, आणि डॉक्टरांशी बोलून तिने ती सुरू केली.

म्हणजे नुसत्या चालण्याने गेलं का? तिच्या बाबतीत नाही. ड्यूक विद्यापीठाचा १९९९चा एक अभ्यास आहे. त्यात १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन ही डिप्रेशनवरची गोळी घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. गोळीवाल्यांना फरक लवकर पडला. हा अभ्यास व्यायामाच्या बाजूने सगळीकडे सांगितला जातो. पण ती माणसं आठवड्यातून तीनदा एकत्र, देखरेखीखाली व्यायाम करत होती, ते कुणी सांगत नाही. ठरलेल्या वेळेला कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. एकट्या बाईला "चालायला जा" म्हणून मोकळं होणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं. आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर चालणं-बिलणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. भारतात असाल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

मार्चमध्ये गुण ७ झाले. व्हिसा तोच, कागद तिथेच. झोप अजून पुरती बसलेली नाही. ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा मात्र ती पास झाली, अ‍ॅपवर सराव करून. त्या अ‍ॅपमधल्या पास-फेलचा तिला त्रास झाला नाही, हे तिनेच मला चिडवत ऐकवलं.

आईचे गुडघे हल्ली दुखतात. "गच्चीवर खुर्ची टाकून बसते आणि मला सांगते, चालतेय," मृणाल गेल्या सेशनला म्हणाली. "धाप लागत नाही ना तिला, लगेच कळतं. पण मी काही बोलत नाही."