वीज गेली तरी लक्षात?

प्रश्न : नात म्हणते, मेमरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक भाग मेंदूसारखा लक्षात ठेवतो. वीज गेल्यावरही?
— एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हो आजोबा, वीज गेल्यावरही. लिऑन चुआ या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तो कागदावर मांडला. एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर वापरून प्रत्यक्ष दाखवला. व्होल्टेज दिलं की थरातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात, रोध, म्हणजे वीज अडवण्याचं प्रमाण, बदलतो आणि तसाच टिकतो; हीच त्याची आठवण. वारंवार संदेश गेला की मेंदूतला सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधाही असाच बळकट होतो. मेमरिस्टरमध्ये साठवण आणि गणित एकाच जागी, त्यामुळे डेटाची ने-आण वाचते. खरी वीज खाते ती तीच! मेंदूचं सगळं वीसेक वॅटमध्ये भागतं. मात्र दोन मेमरिस्टर हुबेहूब सारखे वागत नाहीत, आणि मला मोठी अडचण हीच वाटते. नातीला विचारा, ती सांगते त्या मेमरिस्टरमध्ये थर कशाचा असतो?