द्राक्षं कुरियरने पाठवताना बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळली तर टिकतील का?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून बंगळुरूला बहिणीकडे ५ किलो द्राक्षं पाठवायची आहेत, तर एकेक घड बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून खोक्याला वरून स्ट्रेच फिल्मचे चार वेढे दिले तर चालेल का. शिवाय घरचे बेदाणे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत का, हेही.

द्राक्षं अशी नाही टिकणार. तोडलेला घडसुद्धा श्वास घेतो, ऊब सोडतो, वाफ सोडतो. ती वाफ बाहेर जायला जागा ठेवली नाही तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि मणी त्या पाण्यात बसून राहतात. बबल रॅप मार झेलतो, ओल बाहेर काढत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत आणि लोक ती एकच समजतात.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये ११ सीझन काढले. आधी भरणीवर, मग लाइनवर सुपरवायझर म्हणून. निर्यातीचा खोका कसा भरतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तळाला बबल शीट, त्यावर भोकांचा लायनर (खोक्याच्या आत घालायची प्लास्टिकची मोठी पिशवी), लायनरमध्ये पाऊच किंवा पनेट (प्लास्टिकची छोटी डबी), त्यांनाही भोकं. असा उघडाच खोका प्री-कूलिंगला, म्हणजे माल झपाट्याने गार करायच्या खोलीत जातो. चार-सहा तासांत मण्याचं तापमान ४ अंशांपर्यंत उतरलं, सुई खुपसून बघितलं, की मग वर बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड ठेवायचा, लायनरची घडी घालायची, झाकण लावायचं आणि कोल्ड स्टोअरला ०-१ अंशावर न्यायचं. आधी गार, मग बंद. यात उलटापालट झाली की माल गेला.

आमच्याकडे एका फेब्रुवारीत ती उलटापालट झाली. थॉमसन जातीचा माल होता, हिरवागार, १८ मिलिमीटरच्या वरचा मणी. दुपारी लाइट गेली. जनरेटरवर कोल्ड स्टोअर चालू राहिलं, प्री-कूलिंगच्या दोन्ही खोल्या बंद. कंटेनर रात्री न्हावाशेव्याला निघायचा होता. मॅनेजर साहेब लाइनवर आले आणि म्हणाले, पॅड टाका, लायनर बंद करा, कोल्ड स्टोअरमध्ये गार होईलच की. मी मण्यात सुई खुपसून त्यांना दाखवली. २६ अंश. म्हटलं, साहेब, आत घाम धरेल. ते म्हणाले, "ताई, तुम्ही खोके भरा, बाकीचं आम्ही बघतो."

आम्ही भरले. मी भरून दिले, हे मला आजही लागतं.

महिना-दीड महिन्याने माल पोचला तिथून फोटो आले. देठाजवळ प्रत्येक मण्याला पांढरट-पिवळी कडी पडलेली, जणू कुणी रंग शोषून घेतलाय. काही खोक्यांत करडी बुरशी. क्लेम लागला, म्हणजे खरेदीदाराने भरपाई मागितली. आणि मीटिंगमध्ये कारण काय निघालं, तर बायकांनी मणी जास्त हाताळले, नखं लागली, मण्यावरची झिलई पुसली गेली. भरणीवर पेठ-सुरगाण्याकडच्या चाळीस बायका होत्या. त्यांचा तीन-तीन दिवसांचा रोज कापला. पेठकडची एक पोरगी, लग्नाला चार महिने झालेली, हातात केसांची जाळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी तर हातमोजे घातले होते." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नखाने मणी फुटतो, तिथून रस गळतो, तिथेच बुरशी धरते. देठाभोवती सारखी गोल कडी नखाने पडत नाही. ते सल्फरचं काम. पॅडमधल्या पावडरीला (सोडियम मेटाबायसल्फाइट म्हणतात तिला) ओल लागली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. तो हळूहळू, आठवडेच्या आठवडे सुटावा, म्हणून पॅड तसा बनवलेला असतो, कारण बुरशीला तोच रोखतो. पण कोमट माल बंद करून थंडीत नेला की लायनरला आतून दव धरतं, ते पॅडवर ठिबकतं आणि पंधरा-वीस दिवसांचा वायू दोन दिवसांत सुटून जातो. देठाची जागा नाजूक, वायू तिथून आत शिरतो आणि रंग उडवतो. पुढे बोटीवर बुरशी यायची वेळ होते तेव्हा पॅड रिकामा झालेला असतो. म्हणून त्या फोटोंत कडीही होती आणि बुरशीही.

हे मी तेव्हा तोंडाने सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग पुढच्या आठवड्यात कोल्ड स्टोअरच्या ऑपरेटरला विनवलं आणि एकाच बागेतल्या मालाचे दोन खोके ठेवले. एक २७ अंशांवर बंद केलेला, दुसरा ४ अंशांवर. दोन्ही मी स्वतः भरले, त्याच हातांनी. सहाव्या दिवशी उघडले. पहिल्याच्या लायनरला आतून टपोरे थेंब, पॅड सुरकुतलेला, आणि झाकण काढताच नाकात झणकन जाणारा वास. मण्यांना कडी पडायला लागली होती. दुसरा कोरडा, देठ हिरवा, मणी तसाच्या तसा. दोन्ही खोके उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. ते म्हणाले, दोन खोक्यांवरून काय सिद्ध होतं? रोज काही परत मिळाला नाही.

माझे दीरही याच धंद्यात आहेत आणि अजून म्हणतात की वहिनी, बायकांचा हात जड असतो. त्यांनाही मी हेच सांगते. ग्रेपनेटमुळे (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) खोक्यातला माल कोणत्या बागेतला आहे ते युरोपात बसून कळतं, पण लायनर किती वाजता बंद केला आणि तेव्हा मणी किती अंशांवर होता, हे आमच्या पॅकहाउसमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलं नसतं त्याचं खापर शेवटी हात लावणाऱ्यावर फुटतं. काही जण आता म्हणतात की प्लास्टिकच वाईट, कागदात भरा. तेही मला पटत नाही. लायनर नसेल तर बोटीवरच्या कोरड्या गार हवेत देठ आठ दिवसांत तपकिरी पडून वाळतो. प्लास्टिक ओल धरून ठेवतं, तेच त्याचं काम. आपण किती ओल आत कोंडतोय हे बघणं माणसाचं काम.

आता तुमचा खोका. पहाटे तोडलेला माल घ्या, दव असेल तर सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. तडकलेला, ओला मणी कात्रीने काढा, हाताने ओढू नका. घड भोकांच्या पनेटमध्ये किंवा पाऊचमध्ये ठेवा, देठ वर. तळाला एक बबल शीट, वर एक, घडाभोवती काही गुंडाळायचं नाही. खोका हलवल्यावर आत काही सरकता कामा नये, कारण मणी दाबाने कमी आणि घासून जास्त खराब होतो. खोक्याची भोकं चिकटपट्टीने बुजवू नका. स्ट्रेच फिल्म नकोच, पॅलेटलासुद्धा आम्ही कोपऱ्यांना बोर्ड लावून पट्ट्या आवळायचो, म्हणजे थंड हवा आरपार जाते.

एक सांगायचं राहिलं. वर मी आधी गार करा म्हटलंय, ते पुढे थंड गाडी असेल तरच. साध्या कुरियरने पाठवणार असाल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून भरू नका, गार मणी बाहेरच्या हवेत आला की त्याला घाम फुटतो. आणि सल्फरचा पॅड घरी वापरू नका, दमा असलेल्या माणसाला तो वायू फार बाधतो. मार्चच्या उन्हात तीन दिवसांच्या वर प्रवास असेल तर मी द्राक्षं पाठवणारच नाही, बेदाणे पाठवेन. बेदाण्यांना उलट जाड, हवाबंद पिशवीच हवी, फक्त भरण्याआधी ते नीट वाळलेले असू द्या.

आणि खोक्यावर पेनाने लिहा, किती वाजता भरला, किती वाजता बंद केला. बंद करण्याआधी उघड्या खोक्याचा एक फोटो काढून ठेवा. माल नासला तर कुरियरवाला पहिलं हेच म्हणेल की भरणाऱ्याने नीट भरलं नव्हतं.